आधी दिशा, मग पडदा

दिवाळीच्या साफसफाईत घरातले पडदे उतरतात. रिंगा काढून कापड भिजत पडते, सळया पुसून होतात आणि दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या राहतात. ऑक्टोबरचा उकाडा तेव्हा भरात असतो. एरवी पडद्याआड राहणारे ऊन थेट खोलीत उतरते. कुठल्या खोलीतली फरशी दुपारी कोमट लागते, सोफ्याची कुठली बाजू विटली आहे, टीव्हीच्या पडद्यावर किती वाजता चमक येते, हे सगळे एकदम नजरेत भरते. आपल्या खिडक्यांना काय हवे आहे हे समजून घ्यायला याहून चांगले दिवस वर्षात सापडणार नाहीत. पण याच दिवसांत धुतलेले पडदे लवकर चढवण्याची घाई असते. नवे घ्यायचे असतील, तर सोफ्याच्या कापडाचा तुकडा कॅटलॉगशेजारी धरला जातो. रंग जुळला की निवड झाली.

दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: माप काय आणि शिलाई कशी हवी, आयलेटची की चुण्यांची? खिडकी कुठल्या दिशेला आहे, हे मात्र सहसा दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. वास्तविक पडद्याचे कापड, रंग, जागा हे सगळे त्या एका उत्तरावर ठरायला हवे. वीजबिलातला फरकही बराचसा तिथूनच पडतो.

एक साधा हिशेब पाहू. पश्चिमेला चार बाय पाच फुटांची खिडकी आहे, साधी पारदर्शक काच आहे, वर आडोसा नाही. एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला या एका खिडकीतून साधारण एक किलोवॉट उष्णता आत येते. खोलीच्या कोपऱ्यात कपड्यांची इस्त्री चालू करून ठेवावी, तेवढी. एक टनाच्या एसीची थंड करण्याची क्षमता साडेतीन किलोवॉटच्या आसपास असते. म्हणजे तिच्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग ही एक खिडकी खाऊन टाकते. माणसे, दिवे, तापलेल्या भिंती यांचा भार वेगळाच.

दक्षिणेच्या खिडकीची गोष्ट निराळी आहे, आणि ती महाराष्ट्राच्या जागेमुळे निराळी आहे. सबंध राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येते. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा. हेच ते शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळपास येतच नाही. डिसेंबरात मात्र पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर आत शिरतो. तेव्हा ते ऊन हवेसेही असते. खिडकीच्या लगेच वर दीड-दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्च ते सप्टेंबर चार फूट उंचीची दक्षिण खिडकी सावलीत राहते आणि थंडीत तिच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन मिळते. अशा खिडकीला जाड ब्लॅकआउट पडदा लावणे म्हणजे नको असलेल्या गोष्टीवर पैसे घालणे होय. तिथे विरळ सुती पडदा पुरतो.

पश्चिमेला छज्ज्याची मात्रा चालत नाही. एप्रिलअखेरीस संध्याकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो, की चार फुटांची खिडकी सावलीत ठेवायला छज्जा सुमारे आठ फूट पुढे यावा लागेल. पूर्वेलाही सकाळी तेवढेच तिरपे ऊन येते, पण रात्रभर थंड झालेले घर ते पचवते. पश्चिमेचे ऊन आधीच तापलेल्या घरात येते, म्हणून ते जास्त जाचते. तिरप्या उन्हाला समोरून अडवणारे काहीतरी लागते. खरा प्रश्न असा, की ते काचेच्या आत असावे की बाहेर?

काच उन्हाला सहज आत सोडते. ते ऊन फरशीवर, फर्निचरवर, पडद्यावर पडले की त्याची उष्णता होते आणि तापलेल्या वस्तू ती वेगळ्या, लांब लहरींच्या रूपात बाहेर टाकतात. या लहरींना काच पलीकडे जाऊ देत नाही. आत लावलेला गडद पडदा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापतो आणि ती ऊब खोलीतच सोडतो. पांढऱ्या पाठीचा पडदा काही ऊन परतवून काचेबाहेर घालवू शकतो, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे या बाबतीत बोलके आहेत: मध्यम रंगाच्या, पांढऱ्या अस्तराच्या पडद्याने उन्हाची उष्णता ३३ टक्क्यांनी कमी होऊ शकते, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चांदणी लावली, तर ७७ टक्क्यांपर्यंत. तिथली हवा आणि घरे वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे नाशिकला किंवा अकोल्याला लागू करता येणार नाहीत. पण दोहोंमधले अंतर पुरेसे सांगून जाते. ऊन काचेला टेकण्याआधीच थांबवायला हवे.

हे जुन्या बांधणाऱ्यांना माहीत होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींकडे रस्त्यावरून पाहिले, तर प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या वरून पट्टीसारखे छज्जे धावताना दिसतात. भुवयांसारखे दिसतात म्हणून जाणकार त्यांना तसेच म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने या इमारतींना व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्या रेषांमुळे त्या देखण्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा उन्हापावसासाठीच काढलेल्या आहेत. गिरगावातल्या चाळींच्या लांबलचक गॅलऱ्याही हेच काम करत आल्या. खोलीची खिडकी गॅलरीत उघडते, म्हणून ती दिवसभर सावलीत. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने बसवलेली असत. त्यांतून उजेड येतो तो दुधासारखा, डोळ्यांना न खुपणारा. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीच्या बाजूंना झावळ्यांचे झाप बांधले जातात आणि पाऊस सरला की काढले जातात. ऋतूप्रमाणे घराची बाह्यरेखा बदलायची, ही त्यामागची समज.

मुंबईची अडचण वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नेमकी ओळखली होती. या शहरात समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच. खिडकी उघडावी तर ऊन-पाऊस आत, मिटावी तर वारा बंद. जुने बंगले चारी बाजूंनी व्हरांडा काढून यातून वाट काढत. कोरियांनी १९८३ साली पुऱ्या झालेल्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत तीच युक्ती उंच इमारतीत आणली. तिथे कोपऱ्यांत दोन मजले उंचीची खोल गच्ची-बाग आहे आणि राहायच्या खोल्या तिच्या मागे, सावलीत. समुद्र दिसतो, वारा येतो, काचेवर ऊन येत नाही.

याच्या नेमके उलटे गेली तीस-चाळीस वर्षे घरोघर चालले आहे. बाल्कनी बंद करून हॉल मोठा केला जातो. चार फूट सावली देणारी जागा नाहीशी होते आणि काच थेट इमारतीच्या कडेला, उन्हात येऊन उभी राहते. त्या काचेला मग जाड पडदा लागतो, पडद्यामुळे अंधार होतो, अंधारामुळे भर दुपारी दिवा लागतो आणि उकाड्यामुळे एसी. चाळीस-पन्नास चौरस फुटांच्या मोहापायी घराचा सगळ्यात उपयोगी पडदा पाडला जातो. नव्या घरात बाल्कनी अजून उघडी असेल, तर ती तशीच ठेवावी. तिच्या बाहेरच्या कडेला चीक सोडावी. पडद्यांच्या बजेटमधला निम्मा खर्च तिथेच वाचतो.

चीक म्हणजे बांबूच्या काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा. पुण्याच्या बुरुड आळीत आणि अनेक गावांच्या बुरुड गल्ल्यांत सुपे-टोपल्यांच्या शेजारी त्या मिळतात, मापाने करूनही मिळतात. बांबू चिरून काड्या काढायच्या, त्या एकसारख्या जाडीच्या तासायच्या आणि सुती दोऱ्याने ओळीने बांधत जायचे. दोऱ्यांच्या गाठी जवळजवळ असतील, तर चीक वाऱ्यात तिरपी होत नाही. घेताना ती पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी: फटी सारख्या आहेत का, काड्यांची टोके कापलेली आहेत की फाटलेली, खालची दांडी जड आहे का. मागे कापडाचे अस्तर लावलेली चीक ऊन जास्त अडवते, पण वाराही अडवते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत बिनअस्तराचीच बरी. काच आणि चीक यांच्यात हातभर अंतर असावे, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते. बांबूला पोखरणारा किडा आणि बुरशी हे दोन शत्रू. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू जास्त टिकतो, आणि जूनमध्ये चीक उतरवून कोरड्या जागी ठेवली तर आणखी. खालची दांडी ग्रीलला बांधायला विसरू नये. वळवाच्या वाऱ्यात सुटी चीक काचेवर आपटते.

चीक परवडत नसेल किंवा जागा अडचणीची असेल, तर शेतीच्या दुकानातली शेडनेट हा विदर्भ-मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी काढलेला मार्ग आहे. ५०, ७५, ९० टक्के सावलीच्या जाळ्या मिळतात. पश्चिमेच्या बाल्कनीला ७५ टक्क्यांची जाळी बऱ्याच ठिकाणी पुरते. ९० टक्क्यांच्या जाळीने वारा कोंडतो. दिसायला ती फार चांगली नसते, हे खरे. तिच्याऐवजी ग्रीलवर कुंडीतून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवले, तर एक-दोन वर्षांत तीच सावली हिरवी मिळते आणि घराला शोभाही येते. पाणी घालायला माणूस मात्र हवा.

नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सावलीच्या जोडीला पाणी येते. वाळ्याच्या मुळांचे पडदे खिडकी-दारांना टांगून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यामागचा हिशेब पक्का आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. कोरड्या झळा ओल्या मुळांमधून आत येतात तेव्हा गार होऊन येतात, वर वाळ्याचा वास. कूलरच्या ताट्याही याच तत्त्वावर चालतात. पण कूलर खिडकीत बसला, की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर दोन तासांत खोली चिकट होते. म्हणून कूलरच्या घरात समोरच्या खिडकीला जमिनीपर्यंत लोळणारा जड पडदा नको. मुंबईच्या हवेत आधीच इतके बाष्प असते, की वाळ्याचा पडदा तिथे फक्त वास देतो.

किनारपट्टीवर वाऱ्याचा मार्ग मोकळा ठेवणे हे सावलीइतकेच महत्त्वाचे. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान सहाव्या भागाइतके असावे, असे ती सांगते. नागपूरच्या संमिश्र हवामानासाठी आठवा भाग. यात दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे निम्मेच क्षेत्र मोजले जाते, कारण ती निम्मीच उघडते. कवाडाच्या खिडकीचे ९० टक्के धरतात. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगने जागा वाचवली आणि वारा अर्धा केला, असा याचा अर्थ. छत सोडून भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेलाही दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा या संहितेने घातली आहे. त्या हिशेबात बाहेरचा छज्जा धरला जातो. आतला पडदा धरला जात नाही.

निम्मी उघडणारी खिडकी, त्यावर डासांची जाळी आणि त्यावर ब्लॅकआउट पडदा असे तीन थर झाले, की पंखा कितीही वेगाने फिरला तरी जुनीच हवा घुसळली जाते. पूर्वी मध्यमवर्गीय घरांत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला, हुकांमध्ये ताणलेल्या स्प्रिंगवर, पातळ पडदा असे. बहुधा जुन्या सुती साडीचा. समोरच्या घरातून आतले दिसत नसे, वरच्या अर्ध्यातून उजेड येई आणि छताजवळची गरम हवा बाहेर जाई. एका वारभर कापडात तीन कामे होत. हा अर्धा पडदा आता 'जुनाट' ठरला आहे. तो परत यावा, असे मनापासून वाटते. चांगल्या हातमागाच्या कापडाचा, नीट दुमड घातलेला अर्धा पडदा आजच्या स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या खोलीत देखणाच दिसेल.

आता दुकानाकडे. बाहेरची सावली झाल्यावर आतल्या पडद्याचे काम हलके होते आणि आवडीनिवडीला मोकळीक मिळते. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ४८ किंवा ५४ इंची असतो. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतले, तर चुण्या भरदार पडतात. दीडपटीवर भागवले की पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. इथे काटकसर करू नये, त्यापेक्षा स्वस्त कापड घ्यावे. सळई खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब असावी. मग दिवसा पडदा भिंतीवर सरकतो, काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी आहे त्याहून मोठी दिसते. छोट्या खोल्यांना याचा उपयोग जास्त. अस्तर लावून घ्यावे. उन्हाने विटते ते अस्तर, वरचे कापड टिकते, आणि अस्तर बदलणे स्वस्त पडते.

एसीच्या खोलीत पडद्याच्या वर पेल्मेट असावे. नाहीतर तापलेली हवा पडद्याच्या वरून खोलीत सरकते आणि खालून गार हवा काचेकडे ओढली जाते. हे चक्र दिवसभर चालू राहते. ज्या खोलीत एसी नाही, तिथे पेल्मेटची गरज नाही. २०२० पासून तारांकित एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे केंद्राने बंधनकारक केले. खिडकी सावलीत असली, तर २४ अंश पुरेसे वाटतात. काच तापलेली असली, की तिच्याजवळ बसणाऱ्याला त्याच तापमानात उकडते आणि रिमोटकडे हात जातो.

झेब्रा, रोलर, व्हर्टिकल या ब्लाइंड्सची सध्या चलती आहे. रोलर जागा कमी घेतो, पण वाऱ्यात फडफडतो. वारा हवा असलेल्या खोलीत तो नको. आडव्या पट्ट्या फिरवता येणारे ब्लाइंड उजेड छताकडे वळवतात आणि ऊन अडवतात, म्हणून कामाच्या टेबलाशेजारी ते चांगले. त्यांवर बसणारी धूळ पुसण्याची तयारी मात्र हवी. लहान मूल असलेल्या घरात ब्लाइंडच्या साखळीकडे लक्ष द्यायलाच हवे. लोंबणारा फास मुलाच्या गळ्याला बसू शकतो. अमेरिकेत अशा अपघातांमुळेच २०१८ च्या अखेरीपासून तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना दोरीविना असण्याचे मानक लागू झाले. आपल्याकडे साखळी भिंतीवरच्या खुंटीला, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ताणून बसवून घ्यावी, आणि खाट किंवा पाळणा खिडकीखाली ठेवू नये.

काचेवरच्या फिल्मबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, की कोर्टाने ती बंद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश वाहनांच्या काचांबद्दल होता, घरांच्या नाही. फिल्म उपयोगी पडते, विशेषतः भाड्याच्या घरात. पण ऊन शोषणारी गडद फिल्म काच तापवते, आणि अर्धी काच सावलीत, अर्धी उन्हात असेल तर ती तडकू शकते. आरशासारखी फिल्म दिवसा आडोसा देते. रात्री घरात दिवे लागले की बाहेरून आतले सगळे दिसते. पातळ नेटच्या पडद्याचेही तसेच. रात्रीसाठी दुसरा पडदा लागतोच.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या घरातली बरीचशी उष्णता स्लॅबमधून येते. तिथे आधी गच्चीला पांढरा रंग, मग खिडक्या.

चीक किंवा चांदणी बाहेर लावायची म्हटले, की सोसायटीचा प्रश्न येतो. बाहेरची भिंत सामाईक आणि 'एलेव्हेशन बिघडते' ही तक्रार नेहमीची. ती अगदीच निराधार नाही. प्रत्येकाने वेगळ्या रंगाची ताडपत्री टांगली, तर इमारत खरोखर विद्रूप दिसते. उपाय बंदीचा नसून एकवाक्यतेचा आहे: एक प्रकार, एक रंग, हुक कुठे ठोकायचे, पावसाळ्याआधी कधी उतरवायचे, पडझड झाली तर जबाबदारी कोणाची, एवढ्या गोष्टी ठरावात लिहिल्या की काम होते. शंभर चिका एकदम घेतल्या तर बुरुडाकडून भावही चांगला मिळतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे यंदाची बहुतेक ठिकाणी होऊन गेली असेल. विशेष सभा मात्र केव्हाही बोलावता येते. तिथे जाताना पश्चिमेकडच्या फ्लॅटवाल्यांनी आपली एप्रिल-मेची वीजबिले बरोबर न्यावीत आणि पूर्वेकडच्यांच्या बिलांशेजारी ठेवावीत. जानेवारीत ठराव झाला, तर फेब्रुवारीत माप देता येते आणि होळीच्या आधी चिका लागतात.